स्कॅन पाहून स्किझोफ्रेनिया ओळखता येतो का?

गेल्या अंकात एक छोटी बातमी होती : स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतली 'जाळी', म्हणजे एकमेकांशी ताळमेळ ठेवणारे भाग, इतरांपेक्षा वेगळी चालतात, काही ठिकाणी ती 'तुटलेली' असतात, आणि हे स्कॅनवर दिसतं. त्या चार ओळींवर आलेली पत्रं या सदराच्या दोन महिन्यांच्या टपालाइतकी आहेत. मी मानसोपचारतज्ज्ञ. मध्यंतरी काही वर्षं सकाळी रुग्ण तपासायचे आणि दुपारी एका संशोधन प्रकल्पासाठी एमआरआय यंत्राच्या काचेपलीकडच्या खोलीत बसायचे. त्यामुळे या विषयाची दोन्ही टोकं माझ्या थोडी ओळखीची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचा एमआरआय 'नॉर्मल' आला, तेव्हापासून घरातले काही जण म्हणतात की मेंदूत काही नाही, म्हणजे हे सगळं नाटक आहे. आता कुणीतरी 'जाळ्यांचा स्कॅन' करून सोक्षमोक्ष लावा असं सुचवलंय. करावा का?

नका करू.

साधा एमआरआय कशासाठी सांगितला होता, ते आधी घरच्यांना समजावून सांगा. स्किझोफ्रेनिया शोधण्यासाठी तो सांगितलेलाच नसतो. गाठ, सूज, रक्तस्राव असं दुसरंच काही या लक्षणांमागे दडलेलं नाही ना, हे बघण्यासाठी असतो. 'नॉर्मल' याचा अर्थ त्यातलं काही सापडलं नाही, एवढाच. स्किझोफ्रेनियाचं निदान होतं ते माणसाशी बोलून, घरच्यांकडून हकीकत ऐकून आणि काळ लक्षात घेऊन. भास, भ्रम, विस्कळीत बोलणं अशी लक्षणं बहुतेक वेळ, निदान महिनाभर टिकलेली असावी लागतात, आणि नशा किंवा दुसरा आजार हे कारण नाही याची खात्री करावी लागते.

बरं, मेंदूत फरक नसतात असंही नाही. १९७६ साली ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. तेव्हापासून असे पुष्कळ फरक सापडले. पण ते सगळे सरासरीचे. रुग्णांचे आकडे आणि निरोगी माणसांचे आकडे एकाच कागदावर मांडले तर दोन्ही गट एकमेकांवर इतके चढलेले दिसतात, की मधला एक ठिपका उचलून 'हा कुठल्या गटातला?' असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. जाळ्यांच्या स्कॅनचंही तेच आहे. एकट्या माणसाला यंत्रात घालून 'आहे' किंवा 'नाही' असं सांगणारी मान्य तपासणी आज जगात नाही. कुणी विकत असेल तर रंगीत छपाईचे पैसे घेतोय असं समजा.

आणि मला खरं सांगा, तुम्हाला हा स्कॅन भावासाठी हवाय की नातेवाइकांसाठी? भाऊ रात्र रात्र जागतो, भिंतीकडे बघून बोलतो, जेवणात काही घातलंय म्हणून ताट सरकवतो, हे तुम्ही पत्रात लिहिलंय. ज्यांना हे डोळ्यांनी बघून पटत नाही, त्यांना चित्र बघूनही पटणार नाही. उद्या तोही स्कॅन नॉर्मल आला की नाटकाचा आरोप दुप्पट जोराने होईल, आणि तो भावाला ऐकावा लागेल.

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी कमी आढळली' म्हणजे मेंदूतल्या तारा सैल झाल्या, असं समजायचं का?

तारा जरा बाजूला ठेव. रात्री उंचावरून एखाद्या वस्तीकडे बघत बसलीस, आणि एकमेकांपासून लांबच्या दोन घरांतले दिवे कायम बरोबरच मंद होतात आणि बरोबरच प्रखर होतात असं दिसलं, तर तू म्हणशील की या दोन घरांचं काहीतरी नातं आहे. त्यांच्यात सरळ तार असेल, किंवा दोन्ही घरं तिसऱ्याच एका खांबावरून जोडलेली असतील. वरून बघून एवढंच कळतं की उजेड बरोबर हलतो. फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणजे हे बरोबर हलणं, दोन भागांच्या हालचालींतलं साम्य.

यंत्र विचार मोजत नाही, चेतापेशींची वीजही मोजत नाही. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदललं की एमआरआयचा संकेत बदलतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, आणि ते सावकाश, पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतं. म्हणजे आपण बघतो ती कामाची उशिरा पोचलेली वर्दी. मेंदूचे समजा २०० भाग पाडले, प्रत्येकाचा आलेख काढला आणि प्रत्येक जोडी ताडून पाहिली, तर १९,९०० जोड्या होतात. या जोड्यांच्या तक्त्यालाच आपण जाळं म्हणतो.

गंमत म्हणजे यासाठी माणसाला काही करायला सांगावं लागत नाही. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी लोकांना यंत्रात नुसतं पडून राहायला सांगितलं. हात हलवणारे डाव्या-उजव्या बाजूचे भाग, हात स्थिर असतानाही, एकाच संथ लयीत वरखाली होत होते. दहा सेकंदांहूनही मोठ्या लाटा. तोवर या लाटांना यंत्राची खरखर समजून लोक गाळून टाकत. पुढे २००१ मध्ये मार्कस रायकल यांच्या गटाने 'डिफॉल्ट मोड'ची कल्पना मांडली : समोर काम नसताना, म्हणजे आठवणी, स्वतःचे विचार, उद्याची चिंता चालू असताना जास्त जागे असणारे भाग. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो खातो ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि त्यातली बहुतेक या 'काही न करण्यात'च जाते.

स्किझोफ्रेनियात जोडणी बिघडत असावी ही शंका मात्र यंत्रांच्या फार आधीची. कार्ल वेर्निके यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ती मांडली होती. १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी तिला नवं रूप दिलं : दोष एखाद्या भागात नसून भागांच्या संवादात असेल. त्या लेखाच्या मथळ्याअखेर प्रश्नचिन्ह होतं. ते मला अजून योग्य वाटतं.

प्रश्न : मी स्वतः शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेला, आहे. बरीच वर्षं औषधं घेतोय, नोकरी करतो. आवाज कमी झालेत, गेलेले नाहीत. 'जाळं तुटलेलं असतं' हे वाचल्यापासून अस्वस्थ आहे. माझ्या मेंदूत नेमकं काय वेगळं आहे?

तुमच्या मेंदूत काय, हे मला तुमचा स्कॅन हातात घेऊनही सांगता येणार नाही, ते वर लिहिलंच आहे. पण आजारात साधारण काय आढळतं ते सांगते, कारण बातमीतला 'तुटलेलं' हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही.

सगळ्यात जास्त वेळा, वेगवेगळ्या देशांतल्या गटांना सापडलेली गोष्ट थॅलॅमसची आहे. मेंदूच्या मध्यावर बसलेला हा भाग. वास सोडला तर बाकी सगळ्या इंद्रियांची खबर त्याच्यातून पुढे जाते. स्किझोफ्रेनियात त्याचा कपाळामागच्या, म्हणजे विचार आणि आखणी करणाऱ्या भागाशी ताळमेळ सरासरीने कमी असतो. आणि ऐकणं, स्पर्श, हालचाल यांच्या भागांशी जास्त असतो. जास्त! म्हणजे एकीकडे संवाद उणा, दुसरीकडे गजबजाट. याला तुटणं कसं म्हणायचं?

आता आवाजांबद्दल. आपण बोलतो तेव्हा मेंदू जिभेला हुकूम देताना त्याच हुकमाची एक प्रत ऐकण्याच्या भागाला पाठवतो : 'हा आवाज येईल तो आपलाच आहे, दचकू नको.' १९५० मध्ये एरिक फॉन होल्स्ट आणि रॉजर स्पेरी यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून स्वतंत्रपणे हे तत्त्व मांडलं. डोक्यावर तारा लावून मोजलं तर निरोगी माणूस बोलत असताना त्याच्या ऐकण्याच्या भागाचा प्रतिसाद दबलेला दिसतो. ज्युडिथ फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की स्किझोफ्रेनियात हे दबणं कमी पडतं. स्पर्शातही तसंच. स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण मेंदूला आधीच कल्पना असते. २००० साली सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपल्याला कुणी बाहेरून चालवतंय असं वाटतं, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच तीव्र वाटतो. यावरून तर्क असा की मनातलं स्वतःचं बोलणंच 'हे तुझं आहे' ही चिठ्ठी न पोचल्याने परकं होऊन ऐकू येत असावं. सगळ्या आवाजांचं हेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. तीन-चार जण एकमेकांत तुमच्याबद्दल बोलताहेत, अशा आवाजांना हा तर्क अपुरा पडतो. तरी तुम्ही पत्रात लिहिलंय की 'आवाज ओळखीचे वाटतात, पण माझे नाहीत', त्याच्या हा जवळ जातो.

तिसरी गोष्ट डिफॉल्ट मोडची. एखादं काम हातात घेतलं की हे आतलं जाळं साधारणपणे मागे सरतं. २००९ मध्ये सुझन व्हिटफील्ड-गॅब्रिएली यांच्या गटाला आढळलं की आजार नुकता सुरू झालेल्या रुग्णांत ते कामाच्या वेळीही पुरेसं मागे सरत नाही, आणि त्याचे भाग आपसांत जास्त घट्ट बांधलेले असतात. काहीसं तसंच त्यांच्या निरोगी भावंडांत आणि जवळच्या नातेवाइकांतही दिसलं. कानशिलाच्या आत खोल असलेला इन्सुला हा भाग आणि त्याचे सोबती कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवतात. तिथेही फरक सापडतात. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या अंगाने मांडलं होतं की बिनमहत्त्वाच्या गोष्टींना महत्त्व चिकटत जातं : गाडीचा नंबर, अनोळखी माणसाचं खोकणं. माझ्याकडे येणारी माणसं अगदी याच शब्दांत सांगतात, 'सगळ्यालाच काहीतरी अर्थ आहे असं वाटायला लागलं होतं.'

एक आणखी, आणि हे तुमच्यासाठी मुद्दाम. २०१८ मध्ये टॉमस वोल्फर्स आणि सहकाऱ्यांनी सरासरी सोडून एकेका रुग्णाचा मेंदू वयाच्या मानाने कुठे वेगळा आहे, ते पाहिलं. (हे रचनेबद्दल, लयीबद्दल नव्हे.) टोकाचे फरक पुष्कळांत होते, पण एकाच ठिकाणी ते दोन टक्क्यांहून अधिक रुग्णांत जुळले असं फार थोड्या जागी घडलं. नाव एक, मेंदू ज्याचा त्याचा. 'स्किझोफ्रेनिक मेंदू' असं कुणी लिहिलं की मी पेन्सिलने खोडते.

प्रश्न : हे बदल आजाराचे नसून गोळ्यांचे आहेत असं वाचलं. मग गोळ्या बंद केल्या तर जाळी पूर्ववत होतील ना?

गोळ्यांचा जाळ्यांवर परिणाम होतो, हे खरं. म्हणूनच संशोधक अजून एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्याच खेपेच्या रुग्णांचे स्कॅन करतात, आणि तिथेही फरक दिसतात. वर लिहिलेले नातेवाईक तर औषध घेतच नव्हते. तिसरा पुरावा केटामीनचा : भूल देण्याचं हे औषध कमी मात्रेत निरोगी स्वयंसेवकांना दिलं की तासाभरापुरती आजारासारखी काही लक्षणं येतात, जाळ्यांची लय बदलते, आणि औषध उतरलं की सगळं जागेवर येतं. त्यांच्यापैकी कुणीही मनोविकाराच्या गोळ्या घेतलेल्या नसतात.

गोळ्या परस्पर बंद करू नका. वजन वाढणं, हात थरथरणं, झोप येणं हे त्रास खरे आहेत, त्यावर डॉक्टरांशी भांडा, औषध बदलून मागा, मात्रा कमी करण्याविषयी बोला. पण अचानक बंद केल्याने आजार उलटून आलेले मी फार पाहिलेत.

प्रश्न : संगणक स्कॅनवरून नव्वद टक्के अचूक निदान करतो म्हणे. मग तुम्ही डॉक्टर लोक अडून का बसला आहात?

आमची नोकरी जाईल म्हणून, असं तुम्ही पुढे लिहिलंय. जाऊ दे की! रुग्णांना बरं वाटणार असेल तर मी बागकाम करेन.

त्या नव्वद टक्क्यांचं काय होतं ते सांगते. पन्नास रुग्ण, पन्नास निरोगी, एकच यंत्र : अशा छोट्या गटावर शिकवलेला संगणक त्याच गटात छान गुण मिळवतो. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावरचे स्कॅन दिले की गुण घसरतात. गट मोठा करत जावं तसेही घसरतात. शिवाय त्याची परीक्षा असते ती ठणठणीत माणूस आणि पक्कं निदान झालेला रुग्ण यांत. माझ्यापुढचा प्रश्न तसा नसतोच. माझ्यापुढे असतो एकोणीस वर्षांचा मुलगा, खोलीतून बाहेर न येणारा. आणि हे नैराश्य आहे, नशा आहे, बायपोलर आहे की स्किझोफ्रेनियाची सुरुवात, ते मला ठरवायचं असतं.

आणि सगळ्यात मोठी मेख हलण्याची. माणसाला यंत्रात आडवं केलं जातं, कानात बोळे, डोक्याभोवती स्पंज, हातात घाबरल्यास दाबायचा फुगा. समोर एक फुली. 'फुलीकडे बघा, झोपू नका, हलू नका.' सहा-आठ मिनिटं. काचेपलीकडे बसून मी हलण्याचा आलेख बघत असे. आवाज ऐकू येणारा, घाबरलेला, गोळीने बेचैनी आलेला माणूस निरोगी माणसाइतका स्थिर कसा राहील? २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हललं तरी दूरदूरच्या भागांतली जोडणी खोटीच कमी दिसते आणि शेजारच्या भागांतली खोटीच वाढते. म्हणजे 'आजाराचं चित्र' म्हणून जे मिरवलं, त्यातलं काही मानेचं चित्र होतं. त्यानंतर हलण्याचा परिणाम गाळण्याच्या पद्धती कडक झाल्या. थॅलॅमसचा निष्कर्ष त्यातूनही टिकला, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवते. संगणकाला मात्र आजार ओळखायला शिकवताना तो हलणं ओळखायला शिकलेला नाही ना, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

या क्षेत्राला स्वतःवर हसता येतं, हे एक बरं आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. हजारो ठिपके तपासताना योगायोगाने येणाऱ्या 'यशा'ची दुरुस्ती केली नाही, तर माशाचा मेंदू 'चमकतो' असं निघालं. दुरुस्ती केली, मासा पुन्हा मेला.

प्रश्न : मोठ्या मुलाला आजार आहे. धाकटीला होईल का? आधीच स्कॅन करून कळेल?

स्कॅनने कळणार नाही. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात शंभरात एकाच्या आसपास, सख्ख्या भावंडांत शंभरात नऊ-दहा, असा ढोबळ अंदाज. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत होत नाही. धाकटीला गांजापासून लांब ठेवा, विशेषतः किशोरवयात, आणि तिची झोप, अभ्यास, मैत्रिणी यांत अचानक मोठा बदल दिसला तर वाट बघत बसू नका. एरवी तिच्याकडे भावी रुग्ण म्हणून बघू नका. मुलींना ते कळतं.

प्रश्न : मग या सगळ्याचा रुग्णांना उपयोग काय? आणि माझ्या मुलाला एका संशोधनासाठी स्कॅनला बोलावलंय. पाठवू का?

उपयोग अजून प्रयोगशाळेच्या दारात आहे. माझ्या आवडीचं एक उदाहरण देते. गोळ्या भास कमी करतात, पण निरुत्साह, कोरडेपणा, काही करावंसंच न वाटणं यावर फारशा चालत नाहीत. २०१९ मध्ये रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने आधी हे शोधलं की ही लक्षणं कोणत्या जोडणीशी सगळ्यात जास्त निगडित आहेत. उत्तर आलं, कपाळामागचा भाग आणि मानेवरचा छोटा मेंदू यांच्यातली. मग दुसऱ्या, डझनाहूनही लहान गटातल्या काही रुग्णांच्या छोट्या मेंदूवर बाहेरून चुंबकीय ठोके दिले, काहींना नुसतीच नक्कल. खऱ्या ठोक्यांनी जोडणी सुधारली तशी लक्षणंही कमी झाली. गट फारच लहान, तेव्हा उद्या कुठे हा उपचार मागायला जाऊ नका. पण आधी जोडणी शोधायची आणि मग तिथेच हात घालायचा, हा क्रम मला योग्य वाटतो.

मुलाची इच्छा असेल तर पाठवा. आधी संमतीपत्र त्याने स्वतः वाचावं, आणि मध्येच नको वाटलं तर कारण न देता उठता येतं ना, ते विचारावं. या स्कॅनमध्ये क्ष-किरण नसतात, बहुतेकदा सुईही नसते, पण यंत्र जोरात ठोठावतं आणि बोगदा अरुंद असतो. बंद जागेची भीती असेल तर ती आधी सांगावी. त्या दिवशीची गोळी चुकवू नये, कुणी तसं सुचवलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. शरीरात पेसमेकर, क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, काहीही असेल तर लपवू नये. त्याचा स्वतःचा असा निकाल मिळणार नाही, हेही त्याला निघण्याआधीच सांगून ठेवा. काही योगायोगाने सापडलं, गाठ वगैरे, तर कोण कळवणार आणि कुणाला, ते मात्र लेखी घ्या.